पुढे सरकवलेलं ताट

खाबुरा, ओमान, २९ फेब्रुवारी २०००, मंगळवार

माझा नवरा शाऊल होता तोवर मला डायरीची गरज पडली नाही. तो ऐकायचा, निदान ऐकल्यासारखं तरी करायचा. आज घरात सांगायला कोणी नाही आणि गोष्ट पोटात मावत नाही, म्हणून आरोग्य केंद्रातली नर्सची ड्युटी संपवून येता येता ही वही विकत घेतली. बाबू येतोय!

बाबू म्हणजे माझा इफ्राईम, एकुलता एक. सात वर्षांपूर्वी मुंबईहून इस्राएलला गेला. तिथे समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात इंजिनियर आहे. ऑक्टोबरच्या शेवटी मस्कतला याच कामाची मोठी बैठक आहे, देशोदेशींची माणसं येणार आहेत आणि त्यात त्याचं नाव आहे. चारेक वर्षांपासून त्यांच्या देशाचं एक व्यापारी कार्यालय मस्कतला उघडलंय, त्यामुळे अशी ये-जा होते. "एक दिवस तुझ्याकडे राहीन," म्हणाला. मी फोन ठेवला आणि ओट्याला धरून रडले.

सगळं रडणं आनंदाचं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी आम्ही ठाण्याला माझ्या बहिणीकडे भेटलो होतो. बाबू डोक्यावर गोल टोपी, सदऱ्याखालून लोंबणारे गोंडे अशा थाटात आला होता. तो सुखरूप भेटावा म्हणून मी एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, मलिदा बोलले होते. आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत शुभ काहीही असो, मलिदा हवाच. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, वर पाच फळं आणि सब्जाची हिरवी पानं. प्रार्थना होते, मग ताट हातोहात फिरतं आणि जो तो मूठ मूठ घेतो. ताट बाबूपर्यंत आलं. त्याने घेतलं नाही. तसंच शेजारच्याकडे सरकवलं आणि हळूच म्हणाला, "आई, हे आपल्या शास्त्रात नाही. रब्बी म्हणतात, हे आपण शेजारपाजाऱ्यांचं उचललंय." रब्बी म्हणजे तिकडचे धर्मगुरू.

पंधरा दिवस पोरगा केळी आणि पाकिटातला पाव खाऊन राहिला. बहिणीच्या भांड्यांना त्याने हात लावला नाही. माझ्या हातचं पाणी प्यायला, तेही काचेच्या पेल्यातून. चारचौघांत कोणी थोबाडीत दिली असती तर एवढं लागलं नसतं.

आता तो येतोय. माझ्या हातचं खाईल का? मला दुसरं काही नको.

१० मार्च, शुक्रवार

बाबूचा फोन. इथून तिकडे लावायची कटकट, म्हणून तोच करतो. इकडचं तिकडचं झालं आणि मग विचारतो कसा, "आई, तिकडे आपले पोहे मिळतात? जाडे की पातळ?" म्हटलं, मिळतात, हवाबीच्या नवऱ्याच्या दुकानात. "कोणत्या कंपनीचे? India चेच ना?" मी म्हटलं, "हो रे बाबा, India चेच." फोन ठेवल्यावर डोक्यात उजेड पडला. चौकशी सुरू झाली म्हणायची! पोह्यांतही रब्बींना काहीतरी खुपत असणार.

हवाबी आणि मजीद माझे शेजारी, मूळचे रायगडातले, आमच्या झिराडपासून हाकेच्या अंतरावरचे. इथे बाकी सगळे मला नावावरून ख्रिश्चन समजतात. हवाबीने मात्र पहिल्याच दिवशी आडनाव ऐकून ओळखलं होतं. "झिराडकर म्हंजे शनवार तेलीच ना गो तुमी? शनवारचा घाणा बंद ठेवनारे?" परमुलखात असं कोणी ओळखलं की किती बरं वाटतं! तिला आज सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोर आईच्या हातचा नाय खाल तर कुनाच्या हातचा खाल? काय तरीच बोलतंस."

तिला काय माहीत. मी ठरवलंय, हे रब्बी आहेत तरी कोण ते मुळापासून शिकायचं. मोशेच्या वेळी तर नव्हते.

१९ एप्रिल, बुधवार

उद्या अनशी-धाकणाचा, म्हणजे वल्हांडणाचा सण. सणाला लेखणी धरत नाही, म्हणून आजच लिहिते.

रामकृष्ण सर आले होते. शाऊलचे मित्र. मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या शाळेत इतिहास शिकवतात, आणि त्यांच्या बायकोला, प्रेमाला, खाबुऱ्याचीच ताजी मासळी लागते म्हणून महिन्यातून एकदा गाडी काढून येतात. येताना इंग्रजी जाडजूड ग्रंथ आणला. तो वाचून मी म्हातारी होईन म्हटल्यावर सरांनी चहा घेता घेता तोंडीच सांगितलं.

थोडक्यात असं. आधी देवासाठी तंबू होता, मग यरुशलेमला देऊळ झालं. सगळा धर्म देवळात: बळी द्यायचा तिथे, सणाला जायचं तिथे. मग बाबिलोनच्या राजाने ते पाडलं आणि लोकांना धरून नेलं. पन्नासेक वर्षांनी काही परत आले, पुन्हा देऊळ बांधलं. एझ्रा नावाच्या शास्त्र्याने लोकांना उभं करून नियम वाचून दाखवले. लोक ते ऐकून रडले म्हणे. इतक्या वर्षांनी घर सापडलं तर ते बदललेलं, आणि आपणही बदललेले. मला त्यांचं रडणं कळलं.

"मग आमचे लोक कधी निघाले?" मी विचारलं. सर म्हणाले, "नक्की कोणी सांगू शकत नाही, मिल्काताई. पण तुमच्या जुन्या लोकांना ग्रीकांच्या वेळचा दिव्यांचा सण माहीत नव्हता म्हणतात. त्यावरून काहींचा तर्क आहे, की त्याआधीच निघाले असावेत."

म्हणजे बघा. आमचं गलबत नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, पोथ्या बुडाल्या, सात बायका आणि सात पुरुष वाचले असं माझी आजी सांगायची. हाती उरलं काय, तर शनिवारी काम बंद, आठव्या दिवशी सुंता, आणि 'देव एकच आहे' ही शमाची प्रार्थना. तेवढ्यावर आम्ही तेलाचे घाणे चालवत जगलो. तिकडे मागे राहिलेल्यांचा धर्म पुढे चालत गेला आणि आम्हाला कोणी कळवलं नाही. पुढच्या स्टॉपवर काय झालं ते आधी उतरलेल्याला कसं कळणार!

२ जून, शुक्रवार

उकाडा असा की नळाचं पाणी चटका देतं. बाबूचा फोन. आज नारळाचं विचारलं. ओला मिळतो की नुसता किस? मी म्हटलं, ओला, सलालाहून येतो, घरीच खवते. "घरीच खवतेस?" त्याने दोनदा विचारलं. खवणी बाटली असेल, असंच मनात आलं असणार त्याच्या. मी पटकन सांगून टाकलं, "नवीन खवणी आणीन हो." तो म्हणाला, "तसं नाही, आई," आणि तेवढ्यात लाईन तुटली.

१० ऑगस्ट, गुरुवार

आज बिरड्याचा रोजा. दिवसभर उपास, आणि तो सोडायचा मोड आलेल्या वालांच्या बिरड्याने. लहानपणी आईला विचारलं होतं, आजच बिरडं का? तर म्हणाली, बिरड्याचा सण म्हणून. सणाचं नाव बिरड्यावरून आणि बिरडं सणावरून. एवढंच आमचं ज्ञान.

सर सकाळीच आले होते. मी उपाशी आहे म्हटल्यावर तारीख बघून दचकले. "ताई, आज कसला उपास आहे ठाऊक आहे? देऊळ याच तिथीला जळलं. रोमन लोकांनी जाळलं. त्याचं सुतक धरतात आजच्या दिवशी." जन्मभर मी सुतक धरत होते आणि मला वाटत होतं वालांचा सण आहे. आमच्यापर्यंत हा उपास कधी आला, कोणी आणला, देवाला ठाऊक. दुःख आलं आणि त्याचं कारण वाटेत गळून पडलं.

पुढची गोष्ट ऐकून मात्र मी चिडले. यरुशलेमला वेढा पडलेला, आतले लोक उपाशी. योहानान नावाचा एक म्हातारा रब्बी शवपेटीत झोपून, मेल्याचं सोंग करून वेशीबाहेर पडला आणि थेट रोमन सेनापतीपुढे उभा राहिला. सेनापती म्हणाला, माग काय हवं ते. त्याने काय मागावं? यावने नावाचं एवढंसं गाव आणि तिथे शाळा. मी म्हटलं, "देऊळ वाचवा म्हणायला काय झालं होतं मेल्याला?" सर हसले. "देऊळ मिळणार नव्हतं, ताई. त्याने मिळण्यासारखं मागितलं. त्याच शाळेतून पुढे तुमचे रब्बी घडले."

माझे कसले? बाबूचे.

बिरडं केलं आणि एकटीने खाल्लं. बाबूला हे बिरडं फार आवडायचं. वाल सोलायला मांडी घालून बसायचा आणि सोलता सोलता निम्मे तोंडात टाकायचा.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

सरांनी आज उरलेला धडा पुरा केला. देऊळ गेलं, बळी देणं बंद पडलं, मग देवापुढे ठेवायचं काय? रब्बी म्हणाले, आता घरातलं जेवणाचं ताट हीच वेदी. म्हणून मग ताटाचे एवढे नियम. शास्त्रात एवढंच होतं की करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवायचं नाही. यांनी त्याभोवती कुंपण घातलं, कुंपणाला कुंपण घातलं. मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, गरम पदार्थाची चव भांड्यात मुरते म्हणून त्याचे आणखी वेगळे नियम. पिढ्यान् पिढ्या वाद घातले आणि वादही जपून ठेवले.

मी खरं लिहिते. आधी मला या लोकांचा राग होता, आज नाही आला. ज्यांचं घर जळलं त्यांनी ते ताटात मांडलं. मी तरी काय करते? बारा वर्षं इथे आहे, आमच्या रीतीने कापलेलं नाही म्हणून मटणाला शिवले नाही, खवले नाहीत म्हणून कोलंबी आणली नाही, हवाबीची बिर्याणी हात जोडून परत पाठवते आणि ती बिचारी खवल्यांची सुरमई बघून धाडते. माझं कुंपण छोटं, बाबूचं मोठं. पण तो कुंपणाच्या आत आणि मी बाहेर. मला आत जायचंय.

म्हणून ठरवलं, तो येईल तेव्हा माझं स्वयंपाकघर त्याच्या रब्बींनीही बोट ठेवू नये असं करायचं.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

काल मजीदच्या पिकअपमधून हवाबी आणि मी सोहारला गेलो. दोन पातेली, दोन तवे, काचेच्या ताटल्या, नवी सुरी, नवी खवणी, नवी गॅसची शेगडी. दुकानदार म्हणाला, लग्न आहे का? हवाबी म्हणाली, "लगीन नाय, पोर येतंय तिचा. यल्ला, भाव कमी कर." मग माझ्याकडे वळून, "मिल्काबाय, एवढी भांडी घेतलीस. त्यात करनार काय ते तरी सांग."

करणार काय? बाबूच्या देशाहून तयार जेवणाचे सीलबंद डबे मागवलेत, मस्कतच्या त्या कार्यालयातल्या एका बाईंच्या ओळखीने. त्यावर रब्बीचा शिक्का आहे. डबे नव्या पातेल्यात गरम करीन आणि काचेच्या ताटात वाढीन.

"आनि मलिदा?" हवाबीने विचारलं. तिच्या माहेरी आमच्या लोकांकडून मलिद्याचं ताट यायचं, तिला त्याची फार आठवण.

म्हटलं, मलिदा नाही. एकदा पुढे सरकवलेलं ताट मी पुन्हा त्याच्यासमोर ठेवणार नाही. मलाही मन आहे.

"तुजा पोर बोलला का, मलिदा नको म्हनून?"

"बोलायला कशाला हवं? परवाच विचारत होता, सब्जाची पानं कुठून आणतेस. पानांत किडे असतात म्हणून रब्बी फार बघून घेतात, सरांनी सांगितलंय."

हवाबी माझ्याकडे बघत राहिली. "मना तर वेगलाच वाटतंय," एवढंच म्हणाली. आता लिहिताना वाटतं, तिला विचारायला हवं होतं, काय वाटतंय. पण तेव्हा मला नव्या पातेल्यांची काळजी होती, ती पिकअपमध्ये आदळत होती.

२ ऑक्टोबर, सोमवार

नव्याचा सण, म्हणजे आमच्या नव्या वर्षाचा, एकटीने केला. सण संपला तसा टीव्ही लावला, तर यरुशलेमच्या आणि गाझाच्या बातम्या. दगडफेक, गोळीबार, एक बाप आपल्या लेकराला पाठीशी घेऊन भिंतीला टेकलाय. मी बंद केला. आरोग्य केंद्रात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. एका बाळंतिणीची सासू रडत होती, तिच्या डोळ्यांसमोरून ती भिंत हलत नव्हती. मी तिला पाणी दिलं. त्या पोराची आई कुठे असेल, हेच माझ्याही मनात होतं. आणि लगेच मागोमाग, बैठक होईल ना? स्वतःची लाज वाटली, पण विचार गेला नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

काल दरफळणी झाली. वर्षातला सगळ्यात मोठा उपास. आमच्याकडे या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसायचं, कोणाला भेटायचं नाही, शिवायचं नाही. मी दार लावून बसले. फोनकडे बघत नाही असं ठरवलं आणि दिवसभर तिकडेच बघत होते. सणाच्या दिवशी तो फोन करणार नाही हे मला ठाऊक होतं, तरीही.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

खलास. काल बातम्यांत सांगितलं, मस्कतमधलं त्यांचं कार्यालय बंद. आज बाबूचा फोन आला. त्यांच्याकडून बैठकीला कोणीच येणार नाही. शिवाय त्याला राखीव सैन्यात बोलावलंय, पंचवीस तारखेला हजर व्हायचंय. "आई, ऐकतेयस ना?" म्हणाला. मी म्हटलं, ऐकतेय. डबे आले होते का, विचारलं त्याने. म्हटलं, आले. "त्यांचं काय करू?" मी विचारलं. तो म्हणाला, "खाऊन टाक." दोघंही हसलो.

नवी भांडी कागदात गुंडाळलेली तशीच आहेत. हवाबी येऊन बसली, माझ्या केसांना तेल लावून गेली.

मला माझा मुलगा हवा आहे. त्याने माझ्या हातचं खाल्लं नाही तरी चालेल. नुसता समोर बसू दे, केळं खाऊ दे. आधी मी किती मागत होते, आणि आता बघा.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आज तो इथे असायचा.

मी रजा घेतली होती ती रद्द केली नाही. सकाळपासून घर पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. संध्याकाळी हवाबी चहाचं विचारायला आली आणि तेवढ्यात फोन वाजला.

"आई, आहेस ना घरी? एक problem आहे. मलिदा कोरडा झालाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय झालाय?"

"मलिदा. मी केलाय. आपल्या माणसांच्या दुकानातून पोहे आणले, नारळ आणला. पण तुझा मऊ असायचा. हा कसातरी... stiff दिसतोय. अजून चाखला नाही."

हवाबीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली. मी बसले.

"तू मलिदा केलास? अरे, तुझ्या रब्बींना..."

"आई, यात चूल कुठे आहे, भांडं बाटायला? पोहे भिजवायचे, नारळ खवायचा. मी सहा महिने फोनवर काय विचारत होतो मग तुला? पोहे, नारळ, सब्जा. मला वाटलं तू समजशील आणि करून ठेवशील. सरळ मागायची लाज वाटत होती, ठाण्याला तसं केल्यावर."

"मला वाटलं तू तपासतोयस."

"तपासत नव्हतो गं. मला भूक लागायची."

मी पदराने तोंड पुसलं. सहा महिने पोरगा भूक लागली म्हणून सांगत होता आणि मी भांडी घेत सुटले होते. पण आधी मलिदा.

"नारळ फोडलास तेव्हा पाणी टाकून दिलंस का?"

"नाही, पेल्यात आहे. प्यायचं ना?"

"अरे वेड्या, ते पोह्यांवर शिंपडायचं. साखर घातल्यावर. हाताने शिंपड, चमचा नको. आता खालून वर घे. दाबू नकोस. सुटा झाला?"

खरखर, टोपाचा आवाज, त्याचं पुटपुटणं. "झाला. आई, झाला!" लहानपणी सायकल आली तेव्हा असाच ओरडला होता. हवाबीला फोनमधलं ऐकू येत होतं, ती डोळे पुसत हसत होती.

"आता प्रार्थना म्हण आणि घे," मी म्हटलं.

"तू म्हण."

"बायका म्हणत नाहीत रे. पुरुषांनी म्हणायची."

"तू म्हण, मी आमेन म्हणतो. उद्या सकाळी मला जायचंय. आज तुझ्या तोंडून ऐकू दे."

फळांवरची ती ओळ मला पाठ आहे. आजोबा म्हणायचे, शाऊल म्हणायचा, मी नुसती ऐकत आले. अर्थ येतो, उच्चार कोकणी येतो. चुकले तर चुकले. मी डोक्यावर पदर घेतला आणि म्हटली. एकदा अडखळले. तो थांबून राहिला, त्याने शब्द सुचवला नाही.

"आमेन," तो म्हणाला.

मग चावल्याचा आवाज आला. एक घास, मग दुसरा. "खोबरं दाताखाली येतंय," तोंड भरलेलं असताना म्हणाला. तो लहान असताना मी त्याला यावरून ओरडायची. आज ओरडले नाही. फोन कानाशी घट्ट धरून बसले आणि हवाबीला हाताने खुणावलं की गप्प राहा. माझा बाबू जेवत होता.